समूहाविषयीचे सत्य, माणसाविषयीचा न्याय

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात, आणि स्वयंपाकघरापुरते ते खरेही आहे. एकाच भांड्यात, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेल्या तांदळाचे एक शीत दाबून पाहिले की उरलेल्या भाताचे काय झाले ते कळते. माणसांना हाच नियम लावताना मात्र आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. माणसे एका भांड्यात शिजलेली नसतात.

मराठवाड्यात हा नियम ज्यांना वारंवार लावला जातो, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे विद्यार्थी आघाडीवर आहेत. ‘बामू’चा विद्यार्थी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एक तयार चित्र उभे राहते. तो कॉपी करून उत्तीर्ण होतो. त्याला इंग्रजीचे एक वाक्य धड लिहिता येत नाही. त्याचा निम्मा वेळ मोर्च्यांत जातो. वसतिगृहात खोली मिळाली की स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली तो ती वर्षानुवर्षे सोडत नाही. ही विधाने आम्ही लग्नमांडवात ऐकली आहेत, मुलाखतीच्या टेबलापाशी ऐकली आहेत आणि रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणातही ऐकली आहेत. बोलणारे दुष्ट नसतात. त्यांतील पुष्कळ जण ह्याच विद्यापीठाचे पदवीधर असतात.

अशा बोलण्याला दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, ‘असे बोलू नये.’ दुसरे म्हणजे, ‘खरे ते खरे, बोलायला कशाला भ्यायचे?’ पहिल्या उत्तरात सत्याला बगल दिली जाते आणि दुसऱ्यात न्यायाला. आम्हांला वाटते की येथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ही प्रतिमा खरी आहे काय, हा एक प्रश्न. खरी असली तर तिच्यावरून समोरच्या मुलाविषयी निर्णय देण्याचा अधिकार आपणांस मिळतो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दिले म्हणजे दुसऱ्याचेही दिले गेले, असे नाही.

प्रतिमा कोठून आली, हे आधी पाहू. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलांचे विद्यापीठ होते हैदराबादचे उस्मानिया, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. म्हणजे ज्या प्रदेशातील पुष्कळ घरांत पदवी ही एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ऐकीव गोष्ट होती, त्या प्रदेशाचे हे विद्यापीठ. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे ह्याच्याकडे राहिले, आणि आज त्याला चारशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत.

मोर्च्यांची प्रतिमाही ह्याच मातीतली. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले ते प्रामुख्याने विद्यार्थ्यांमुळे. त्यामागे रोजगाराचा, रेल्वेचा, प्रदेशाच्या मागासलेपणाचा प्रश्न होता. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ह्या साडेपंधरा वर्षांत नामांतरासाठी मार खाणारे विद्यार्थी होते आणि नामांतराला विरोध करणारेही विद्यार्थीच होते. पुण्या-मुंबईच्या माणसाने मात्र दोघांना एकाच पोत्यात घातले आणि वर चिठ्ठी लावली, ‘मोर्चेवाले’. ज्याचे घर जळाले आणि ज्याने जाळणाऱ्यांकडे पाहून टाळ्या वाजवल्या, त्या दोघांना एकच नाव देणारी प्रतिमा कितपत अचूक म्हणावी, हे वाचकांनीच ठरवावे.

तरीही पहिल्या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. २०१७ च्या मे महिन्यात ह्याच शहरात अभियांत्रिकीचे पंचवीसहून अधिक विद्यार्थी एका नगरसेवकाच्या घरी बसून विद्यापीठाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका लिहिताना पोलिसांना सापडले. ही अफवा नव्हती. पदवीधर होऊनही साधा अर्ज लिहिताना अडखळणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि तिशी ओलांडली तरी ‘पुढच्या जाहिराती’ची वाट पाहत अभ्यासिकेत बसलेले तरुणही पाहिले आहेत. ह्यांतील काहीही नाही असे म्हणणे म्हणजे त्या मुलांवर उपकार नव्हेत. दुखणे नाकारून रोगी बरा होत नाही.

मग प्रतिमा खरी मानावी काय? इंग्रजीत अशा प्रतिमेला ‘स्टिरिओटाइप’ म्हणतात. हा मूळचा छापखान्यातला शब्द. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली आपल्या ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात तो माणसांविषयीच्या ठरीव समजुतींना लावला. जुन्या छापखान्यात सुटे खिळे जुळवून पान तयार होई. पुढे त्या जुळवलेल्या पानाचा साचा घेऊन एक अखंड धातूचा ठसा ओतीत. ठशाने छपाई झपाट्याने होते, पण एकदा ओतलेल्या ठशातील एकही खिळा बदलता येत नाही. सोय आणि दोष एकाच ठिकाणी आहेत.

असे ठसे किती खरे असतात, ह्याचा मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे. १९३३ साली कॅट्झ आणि ब्रॅली यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या १०० विद्यार्थ्यांना दहा लोकसमूहांची वैशिष्ट्ये विचारली. ज्या लोकांची त्यांना फारशी ओळखही नव्हती, त्या तुर्कांविषयीसुद्धा त्यांची मते बरीचशी जुळली. अनेकांचे एकमत म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यातून दिसले. दुसऱ्या बाजूने, रुटगर्स विद्यापीठाचे ली जसिम यांच्यासारखे अभ्यासक सांगतात की पुष्कळ प्रतिमा समूहाच्या सरासरीशी बऱ्यापैकी जुळतात आणि त्यांना सरसकट खोट्या ठरवणे शास्त्राला धरून नाही. उलट २००५ साली ४९ संस्कृतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या राष्ट्रांच्या ‘स्वभावा’विषयीच्या प्रतिमा तेथील माणसांच्या प्रत्यक्ष स्वभावाशी जुळल्या नाहीत. सारांश, काही ठसे खरे असतात आणि काही खोटे. ‘सर्व प्रतिमा खोट्या’ हीदेखील शेवटी एक प्रतिमाच.

येथे सेमिनरीत शिकलेले तर्कशास्त्र उपयोगी पडते. तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत विधान उलटवण्याचे नियम शिकवतात. ‘पकडले गेलेले पुष्कळ कॉपीबहाद्दर ह्या विद्यापीठाचे आहेत’ हे विधान खरे असू शकेल. येथे परीक्षेला बसणाऱ्यांची संख्याच प्रचंड आहे. पण त्यावरून ‘ह्या विद्यापीठाचे पुष्कळ विद्यार्थी कॉपीबहाद्दर आहेत’ हे सिद्ध होत नाही. ‘काही’चे ‘पुष्कळ’ आणि ‘पुष्कळ’चे ‘सर्व’ होते ते तर्काने नव्हे, तर कंटाळ्याने. शिवाय ज्याने प्रामाणिकपणे पेपर लिहिला, त्याची बातमी कोणी छापत नाही. चोरीची बातमी येते. न झालेल्या चोरीची येत नाही.

प्रतिमेत जेवढे खरे आहे, ते कशाचे बनले आहे, हेही तपासले पाहिजे. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोयता हाती घेण्याचा हंगाम आणि पहिल्या सत्राची परीक्षा साधारणपणे एकाच वेळी येतात. मुलगा वर्गात नसतो तेव्हा तो बहुधा फडात असतो, किंवा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि गुरांची देखभाल करीत असतो. अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. त्यांना तासागणिक पैसे मिळतात आणि उद्याची शाश्वती नसते. इंग्रजीचा पाया जेथे घातला जायचा, त्या शाळेत इंग्रजीला शिक्षकच नव्हता. आणि कॉपीच्या त्या २०१७ च्या प्रकरणात उत्तरपत्रिका परीक्षा केंद्रातून आपण होऊन चालत गेल्या नव्हत्या. एवढी व्यवस्था वीस वर्षांचे पोर एकट्याने करू शकत नाही. वसतिगृहात डबा येतो तो कित्येकांना अजूनही गावाहून एसटीने येतो. ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून महिन्याचा खर्च भागवणारी मुले ह्याच आवारात आहेत. म्हणजे प्रतिमेतील खरा भाग मुलांच्या स्वभावाचे वर्णन नसून त्यांच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीचे वर्णन आहे. आपण मात्र ते वर्णन दोषारोपपत्रासारखे वाचतो, आणि आरोपीच्या जागी सर्वांत शेवटी आलेल्या मुलाचे नाव घालतो.

ठशाचा आणखी एक गुण आहे, आणि तो भयंकर आहे. ठसा जे सांगतो ते घडवूनही आणतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहाशेहून अधिक शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायचे होते आणि प्रत्येक सुटलेल्या चक्रव्यूहाचे पैसे मिळायचे होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत लक्षणीय फरक पडला नाही. सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच होती, बुद्धीही तीच होती. फक्त ठसा मोठ्याने वाचला गेला होता. ‘तुमच्या विद्यापीठाचे काय सांगावे’ हे वाक्य आपण हसत उच्चारतो, तेव्हा आपणही तेच करीत असतो.

दुसरा अभ्यास २००७ सालचा, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक तृतीयांश. सुखदेव थोरात स्वतः मिलिंद महाविद्यालयाचे आणि ह्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. दलित साहित्याला आपले व्यासपीठ देणारे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक चालवणारे डॉ. गंगाधर पानतावणे यांनीही मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवले. अशी नावे सांगून प्रतिमा खोटी ठरते, असा आमचा दावा नाही. चार थोर नावांनी सरासरी बदलत नाही. पण आपण कोणाला दारातून परत पाठवू शकलो असतो, एवढे त्यांवरून कळते.

आता दुसरा प्रश्न. काही वर्षांपूर्वी एका शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी नेमलेल्या निवड समितीवर आम्ही होतो. एका सदस्याने अर्जांचे दोन गठ्ठे केले. ह्या विद्यापीठाचे अर्ज खाली ठेवून ते म्हणाले, “फादर, हे पाहण्यात वेळ कशाला घालवायचा?” आम्ही एवढेच सुचवले की सर्वच उमेदवारांना एकच पाठ द्यावा आणि प्रत्येकाने तो वीस मिनिटे वर्गात शिकवावा. खालच्या गठ्ठ्यातील पाच जण आले. तिघांनी पुस्तक वाचून दाखवले. चौथ्याने कसेबसे निभावले. पाचवी जालना जिल्ह्यातील एका खेड्यातली मुलगी. तिचे इंग्रजी अडखळत होते, परंतु उष्णतेचे वहन तिने असे शिकवले की मागच्या बाकावरचा मुलगा आपण होऊन प्रश्न विचारू लागला. जागा दुसऱ्या विद्यापीठाच्या उमेदवाराला मिळाली आणि ती योग्य माणसाला मिळाली. ह्या मुलीचे नाव यादीत दुसरे राहिले. पुढच्या वर्षी जागा निघाली तेव्हा तिला बोलावण्यात आले.

हा प्रसंग आम्ही सांगतो तो प्रतिमेला खोटे पाडण्यासाठी नव्हे. त्या सदस्यांचा अंदाज पाचांपैकी चौघांच्या बाबतीत खरा ठरला! तरीही गठ्ठा खाली ठेवणे हा अन्यायच झाला असता. कारण त्या चौघांना न पाहता नाकारण्याचाही अधिकार कोणाला नव्हता, आणि पाचवी तर कधी दिसलीच नसती. अंदाज बरोबर येणे आणि वागणूक न्याय्य असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ह्याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. वस्तूंविषयी निर्णय देणे आणि माणसांविषयी निर्णय देणे ह्यांत ते भेद करतात. दगडाविषयी आपण चुकीचे मत बनवले तर दगडाचे काही बिघडत नाही. तेथे फक्त अचूकता पाहावी. माणसाविषयी पुराव्यावाचून वाईट मत बनवले तर त्याची हानी होते, कारण ते मतच त्याचा अवमान असते. म्हणून शंका असेल तेथे चांगल्या बाजूने अर्थ लावावा, असे ते म्हणतात. त्याने आपण अधिक वेळा फसू, हा आक्षेपही ते मान्य करतात. वाईट माणसाला चांगला समजून वारंवार चुकणे हे चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित चुकण्याहून बरे, असे त्यांचे उत्तर आहे; पहिल्या चुकीत कोणावर अन्याय होत नाही, दुसरीत होतो. सातशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर आजच्या आकडेवारीच्या युगातही आम्हांला पुरेसे वाटते. सरासरी ही समूहाविषयीची माहिती आहे. समोर बसलेल्या मुलाविरुद्धची साक्ष ती होऊ शकत नाही.

ह्यावर व्यवहारी वाचक म्हणतील, “एका जागेला दोन हजार अर्ज आले तर सर्वांना वर्ग कोठून द्यायचा?” आक्षेप रास्त आहे. तेथे सर्वांना एकच लेखी परीक्षा द्यावी, सर्वांना एकच कसोटी लावावी. सावधगिरी बाळगू नये, असे कोणी म्हणत नाही. पदवीवर विश्वास नसेल तर उमेदवाराची परीक्षा घ्यावी. परंतु ती सर्वांची घ्यावी. प्रतिमा ही स्वस्तातली परीक्षा आहे, असा समज असतो. वस्तुतः ती परीक्षा न घेण्याची सबब आहे.

मिलिंद महाविद्यालयाचे नाव ज्या राजावरून पडले, त्या मिलिंदाचा आणि भिक्षू नागसेनांचा संवाद प्रसिद्ध आहे. त्यात रथाचा दृष्टांत येतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. ‘रथ’ हे त्या सर्वांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे. ‘विद्यापीठाचा विद्यार्थी’ हेही असेच एक व्यवहारातले नाव. त्या नावाचा माणूस सोनेरी महालाकडच्या रस्त्यावर कोणाला भेटलेला नाही. भेटतात ते निरनिराळे तरुण. एक फडातून आलेला, एक शहरातल्या डॉक्टरांच्या घरचा, एक दर्ग्याच्या मोहल्ल्यातला, एक आमच्याच धर्मग्रामातला.

आणि आमच्या समाजाने तरी हे विसरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर नगर आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून जे पूर्वज चर्चमध्ये आले, त्यांना ‘पोटासाठी धर्म बदललेले’ हे विशेषण चिकटले आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरले. उपाशी आलेल्यांची कोणी शिरगणती केली असती, तर आकडा कदाचित मोठाच निघाला असता. पण त्या आकड्याने आपल्या एकाही आजीच्या श्रद्धेविषयी काही सिद्ध झाले असते काय? नासरेथ गावाविषयी नथनेलाचेही असेच ठरीव मत होते. फिलिपाने त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला येऊन पाहायला सांगितले. ज्यांच्या स्वतःच्या पाठीवर असा ठसा उमटला आहे, त्यांनी तो दुसऱ्याच्या पाठीवर उमटवण्यासाठी हात उचलू नये.

तात्पर्य, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांविषयीच्या प्रतिमा खऱ्या आहेत काय, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. काही अंशी खऱ्या आहेत, आणि जेवढ्या खऱ्या आहेत तेवढे आपणां सर्वांचे देणे आहे. शाळेत इंग्रजीचा शिक्षक नसेल तर तो नेमला जावा म्हणून ग्रामसभेत उभे राहावे. परीक्षा केंद्रात कॉपी चालत असेल तर मुलांइतकाच केंद्रचालकांनाही जाब विचारावा. धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी चार दिवे लावून अभ्यासिका सुरू करता येते. त्याला फारसा खर्च येत नाही. आणि ह्या विद्यापीठाची पदवी घेऊन एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या कार्यालयाच्या दाराशी उभी राहील, तेव्हा तिला आत बोलवावे, बसायला खुर्ची द्यावी, हाती एक कागद द्यावा आणि सर्वांना विचारतो तोच प्रश्न विचारावा. उत्तर आले नाही, तर तसे तिला स्वच्छ सांगावे. पण ते तिचे उत्तर असावे. विद्यापीठाच्या नावावरून आपण आधीच लिहून ठेवलेले नसावे.